कांचेच्या टांकींतील पाणबाग

हल्लीं मुंबई-पुण्याकडे नोकरीस असलेले मुलगे सुटींत गांवीं येतात, तेव्हां मुलांच्या हट्टापायीं माशांची एक कांचेची टांकी बरोबर आणतात; आणि सुटी संपली म्हणजे टांकी ओटीवरच्या टेबलावर ठेवून सहकुटुंब परत जातात. मागें राहतात वडील मंडळी, घरच्या सुना आणि मासे. (आमच्या ह्या मुलखांत मासे म्हटले कीं पुष्कळांच्या मनांत निराळाच अर्थ येतो, तो येथें अभिप्रेत नाहीं.) माशांस काय घालावें आणि किती घालावें, हें दुकानदार चिठीवर लिहून देतो. पाण्यांतील झाडांविषयीं मात्र तो अवाक्षर काढीत नाहीं. चार दिवसांत पानें पिवळीं पडतात, आठव्या दिवशीं बुंधा कुजतो, पंधराव्या दिवशीं पाण्यास दुर्गंधि येते, आणि अखेरीस सगळा ऐवज परसांतील मोरींत ओतला जातो. आमच्या बांद्यास परसांतलें पाणी उतरत उतरत व्हाळास मिळतें आणि व्हाळ तेरेखोल नदीस मिळतो. तेव्हां ह्या लहानशा गोष्टीचा शेवट बराच दूर जाऊन होतो. तो कोठें होतो तें पुढें सांगूं. आधीं हीं झाडें कोणतीं, तीं ओळखावीं कशीं आणि जगवावीं कशीं, तें पाहूं.

टांकींत लावावयाच्या वनस्पति तीन-चार परींच्या असतात. कांहींचीं पानें कांद्याच्या पातीसारखीं मुळापासूनच वर निघतात. कांहीं दगडास किंवा लांकडास चिकटून राहतात. त्यांस मातीची गरज नसते. कांहीं नुसत्या तरंगतात. ह्या तिन्ही सोडून आज आम्ही चौथ्या परीविषयींच लिहीत आहों. हिला एक उभें, मऊ खोड असतें. त्यावर ठराविक अंतरानें पेरें असतात. प्रत्येक पेरापाशीं पानें फुटतात आणि दोन पेरांच्या मध्यें मोकळें कांडें असतें. ऊस ज्यानें सोलला आहे त्यास हें निराळें सांगावयास नको. दूर्वांचा जो मंत्र आपल्या घरांतून म्हटला जातो, त्यांतही दूर्वेचें वर्णन कांड्याकांड्यांतून आणि पेरापेरांतून वर येणारी असेंच केलेलें आहे. ऋषींनीं जमिनीवरील तृणांत जें पाहिलें तेंच पाण्यांतील ह्या झाडांतही आहे. सारा जीव पेरांत. पानाच्या बेचक्यांत एक बारीक डोळा असतो, त्यांतून फांदी निघते, आणि त्याच पेरांतून पांढरीं मुळें सुटतात. तीन-चार पेरांचा तुकडा मातींत खोंचला कीं तें एक स्वतंत्र झाड झालें. ह्या एका गुणामुळें हीं झाडें लावणें सोपें, वाढविणें सोपें, आणि आवरणें कठीण.

ओळखीचा आरंभही पेरापासूनच करावा. रंगावरून ओळखूं जाल तर फसाल, कारण रंग उजेडाप्रमाणें बदलतो. पानाच्या आकारावरूनही फसगत होते. त्याचें कारण पुढें येईलच. परंतु एका पेरावर पानें किती आणि कशीं बसलीं आहेत, हें सहसा बदलत नाहीं. समोरासमोर दोन पानें असलीं तर तें बाकोपा, हायग्रोफिला किंवा रोटाला ह्यांपैकीं असण्याचा संभव अधिक. भाताच्या मळ्यांच्या बांधावर पिवळ्या फुलांची पाणलवंग उगवते, तिचीं पानें एकाआड एक असतात. पानांचें कडेंच्या कडें खोडाभोंवतीं फिरलेलें असलें तर तें लिम्नोफिला किंवा हायड्रिला. हायड्रिला म्हणजे तळ्यांत व संथ पाण्याच्या कोंडींत माजणारें, लोक ज्यास सरसकट शेवाळ म्हणतात तें. त्याचें पान बोटांत धरून चोळलें तर कडेचे बारीक दांत खरखरीत लागतात. शाळेंत उलट्या नरसाळ्याखालीं तें ठेवून वर पाण्यानें भरलेली नळी पालथी घालावयाची, भांडें उन्हांत ठेवावयाचें, आणि नळींत जमलेल्या वायूनें विझती काडी पुन्हा पेटवून दाखवावयाची, हा प्रयोग आम्हीं वर्षानुवर्षें मुलांस करून दाखविला आहे. मुलें काडीकडे पाहत. आमचें लक्ष खोडाच्या कापल्या टोंकाकडे असे, कारण बुडबुड्यांची माळ तेथूनच निघते.

लिम्नोफिला आणि कॅबोंबा हीं दोन एकमेकांपासून ओळखतां आलींच पाहिजेत. दोहोंचीं पानें पाण्यांत बडीशेपेच्या पाल्यासारखीं चिरलेलीं, दोन्ही दुकानांत एकाच भावानें विकलीं जातात. लिम्नोफिलाचें पान देठाशिवाय थेट खोडास बसलेलें असतें. कॅबोंबाच्या पानास आधीं स्पष्ट देठ असतो आणि त्याच्या टोंकाशीं पंख्यासारखा विस्तार होतो. लिम्नोफिला आपली, तिच्या कित्येक जाति आपल्या भातशेतांतच उगवतात आणि कांहींचा पाला चुरडला असतां सुगंध सुटतो. कॅबोंबा अमेरिका खंडांतली. हा भेद नुसता पंडितांच्या कामाचा नाहीं, हें पुढें दिसून येईल.

नांवांचा घोटाळा कसा होतो ह्याचें उत्तम उदाहरण म्हणजे ब्राह्मी. आपल्या घरांतून ब्राह्मी म्हणून जिचें तेल काढतात ती बहुधा वाटोळ्या, मूत्रपिंडाच्या आकाराच्या पानांची, जमिनीवर सरपटणारी मंडूकपर्णी असते. तीस टांकींत लावली तर कायम पाण्याखालीं ती टिकत नाहीं. टांकीवाले ज्यास बाकोपा मोन्निएरी म्हणतात ती दुसरी, जाड व लहान लांबट पानांची, फिकट पांढऱ्या-जांभळट फुलांची जलब्राह्मी. ती ओहोळांच्या कडेस, किंबहुना खाडीच्या मचूळ पाण्याजवळही आढळते. कोचीनचा डच गव्हर्नर व्हान रीड ह्यानें मलबारच्या वनस्पतींवर जो बारा खंडांचा ‘हॉर्टस मलबारिकस’ ग्रंथ ॲम्स्टरडॅम येथें १६७८ ते १६९३ ह्या काळांत छापविला, त्याच्या कामीं इट्टी अच्युतन नांवाचे मलबारी वैद्य आणि रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट हे तिघे कोंकणी ब्राह्मण वैद्य साह्यास होते. त्या तिघांचें कोंकणी भाषेंतील व नागरी लिपींतील प्रमाणपत्र पहिल्या खंडांत छापलेलें आहे. त्या ग्रंथांत ब्राह्मी नांवानें जी दाखविली आहे ती ही दुसरी, पाणथळींतली. मूळची ब्राह्मी कोणती हा वाद वैद्यांनीं घालावा. टांकीपुरता निर्णय मात्र पक्का आहे: जाड पानाची घ्यावी, मंडूकपर्णी तुळशीजवळच्या कुंडींतच राहूं द्यावी.

ज्यांस शास्त्रीय नांव पडताळून पाहण्याची हौस आहे त्यांनीं थिओडोर कुक ह्यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ (१९०१ ते १९०८) आणि एस्. एम्. आल्मेडा ह्यांचा खास सावंतवाडीच्या वनस्पतींवरील ग्रंथ (१९९०) चाळावा. एका संस्थानाएवढ्या मुलखावर स्वतंत्र ग्रंथ असावा, हें भाग्य थोड्या प्रदेशांस लाभतें. आणि आपल्याच तालुक्यांतील किती थोड्या लोकांनीं तो पाहिला आहे!

दुकानांत आणखी एक फसवणूक चालते. जीं झाडें मुळीं पाण्यांतलीं नव्हेतच तीं पाण्यांत ठेवून विकतात. ज्यास लकी बांबू म्हणतात तें बांबूही नव्हे आणि पाणझाडही नव्हे, ती ड्रॅसिना. जांभळ्या पानांची हेमिग्राफिस आणि पांढऱ्या शिरांची फिटोनिया हीं कुंडींत, सांवलींत शोभणारीं झाडें. पाण्याखालीं तीं कांहीं आठवडे तग धरतात, मग सडतात, आणि दोष पाण्यावर येतो. पानास हात लावून पाहावा. चामड्यासारखें जाड किंवा मेण चढविल्यासारखें चकचकीत पान असलें तर संशय घ्यावा. ज्यानें पाण्यांतच जन्म काढला त्याचें पान झिरझिरीत असतें, आणि झाड बाहेर काढतांच तें ओल्या पंचासारखें लोंबतें.

मात्र ह्या परीक्षेंत एक खोंच आहे. पुष्कळ अस्सल पाणझाडें बागाईतदार पाण्याबाहेर, दमट हवेंत वाढवितात. तीं लवकर वाढतात आणि त्यांवर शेवाळ चढत नाहीं. अशीं झाडेंही ताठ असतात. हीं दोन रूपें निसर्गानेंच त्यांस दिलेलीं आहेत. आपल्या मळ्यांकडे पाहावें. ज्येष्ठापासून तेथें पाणी तुंबतें, वायंगणाचें भात असलें तर तें पुढेंही राहतें, आणि चैत्र-वैशाखांत तीच जमीन भेगाळते. अशा जागीं जन्म काढणाऱ्या झाडानें पाण्यांत एक पोषाख व हवेंत दुसरा ठेवला तर नवल काय? गोल पानांची म्हणून जिला रोटाला रोटंडिफोलिया हें नांव पडलें, तिचीं पानें हवेंत खरोखरच गोल असतात. पाण्याखालीं तीच पानें लांब व अरुंद होतात. कांहीं लिम्नोफिलांचें हवेंतलें पान साधें, दांतेरी असतें. पाण्यांतलें केसासारखें चिरलेलें. दोन्ही पाहणारास हीं एकाच झाडाचीं पानें आहेत असें शपथेवर सांगितलें तरी पटत नाहीं.

ह्याचा व्यवहारांतला अर्थ असा कीं हवेंत वाढलेलें झाड टांकींत लावलें म्हणजे पहिल्या दोन-तीन आठवड्यांत त्याचीं जुनीं पानें गळतात, पारदर्शक होतात, विरघळतात. हा रोग नव्हे. हें कपडे बदलणें आहे. आमच्या शेजारीं एका घरांत अशीच टांकी आली होती. बाराव्या दिवशीं तेथील सूनबाई आम्हांस म्हणाल्या, “गुरुजी, झाडें मेलीं सगळीं. टाकून देऊं ना?” आम्हीं म्हटलें, “सूनबाई, पानें राहूं द्या. शेंडा कसा आहे तें आधीं पाहा.” पाहतात तों दहांपैकीं सात शेंड्यांवर तांदळाएवढीं नवीं पानें आलेलीं. तिघांचे शेंडे काळे पडून मऊ झाले होते. तीं तेवढीं काढून टाकविलीं. बाकीचीं सात आज त्यांच्या ओटीवर कांचेच्या कांठाशीं पोंचलीं आहेत.

विकत घेतांना म्हणूनच आधीं शेंडा पाहावा, मग पेर, मग बुंधा, आणि पानें सर्वांत शेवटीं. शेंडा घट्ट, उभा व स्वच्छ रंगाचा असावा; तो पिचका, वांकडा किंवा फिकट असेल तर बाकीचें कितीही हिरवें असलें तरी तें झाड नको. दोन पेरांतील कांडें आंखूड असलें तर झाडानें उजेड भरपूर पाहिला आहे. तें लांबलचक असलें तर तें उजेडासाठीं धडपडलें आहे, अंधाऱ्या खोलींत ठेवलेल्या बटाट्याच्या कोंबासारखें. खोड बोटांत दाबून पाहावें. कोंवळ्या भेंडीप्रमाणें कट्कन् मोडेल असें हवें, लिबलिबीत नको. पेरांतून पांढरीं मुळें लोंबत असलीं तर तो दोष समजूं नये. कांहीं मंडळी तीं केस उपटावे तशीं उपटतात. त्यांची बिचाऱ्यांची समजूत, तें शेवाळ आहे.

जुनीं व नवीं पानें वेगवेगळीं पाहण्याचें आणखी एक कारण आहे. नत्र आणि पालाश हीं द्रव्यें झाड जुन्या पानांतून काढून नव्यांस देऊं शकतें. म्हणून त्यांची तूट पडली कीं आधीं खालचीं पानें बोलूं लागतात. नत्र कमी असलें तर तीं सबंध पिवळीं होतात, पालाश कमी असलें तर त्यांवर टांचणीनें टोंचल्यासारखीं भोंकें पडतात. लोह मात्र एकदां ज्या पानांत गेलें तेथून हलत नाहीं. म्हणून त्याची तूट शेंड्यावर दिसते. नवीं पानें पांढुरकीं, पिवळट येतात आणि जुनीं हिरवींच राहतात. आई आपल्या ताटांतलें मुलांस वाढते, तशी पहिली गोष्ट. दुसरींत ताटांतलें उचलतांच येत नाहीं. हा एक भेद ध्यानांत ठेवला तर खताची बाटली हातीं घेण्यापूर्वींच निम्मा निकाल लागतो. आणि केवळ खोडाचा खालचा भाग उघडा पडला असेल तर ती उपासमार नसून वरच्या पानांनीं खालीं पाडलेली सांवली असते.

लोहाविषयीं बोलतांना आमच्या जांभ्याची गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. ज्या तांबड्या दगडाच्या चिऱ्यांनीं आमचीं घरें, गडगे आणि विहिरी बांधल्या आहेत, त्यास शास्त्रांत लॅटराइट म्हणतात. लॅटिन भाषेंत वीट ह्या अर्थाचा शब्द आहे, त्यावरून फ्रान्सिस बुकॅनन ह्यानें मलबारांत अंगाडिपुरम् येथें पाहिलेल्या दगडास हें नांव दिलें, आणि १८०७ सालीं छापलेल्या आपल्या प्रवासवृत्तांतून तें प्रसिद्ध केलें. वर सांगितलेल्या गोल पानांच्या रोटालाच्या शास्त्रीय नांवापुढेंही ह्याच गृहस्थाचें नांव लागतें. जांभ्यांत लोह विपुल. गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत जर्मनींतील शौकीन लोकांनीं टांकीच्या तळाशीं ह्या दगडाची भुकटी घालण्याची चाल पाडली, आणि ती डब्यांत भरून विकली जाऊं लागली. जें आमच्या परसांत पायाखालीं आहे त्यासाठीं तिकडे पैसे मोजतात! आपण मात्र मापानें घ्यावें. भाताच्या मळ्यांतली माती वाळवून, चाळून, दोन-चार वेळां भिजवून वर तरंगणारा काडीकचरा काढून टाकावा. तींत मूठभर जांभ्याची बारीक भुकटी मिसळावी. हा थर एक इंचाहून जाड नसावा. त्यावर धुतलेल्या नदीच्या वाळूचा दीड इंच थर द्यावा. नुकता युरिया मारलेल्या शेतांतली माती नको. शेणखत, पेंड वगैरे परसांतल्या माडास लाभणाऱ्या वस्तु टांकींत घालूं नयेत. त्या कुजून मासे मरतात. डायना वॉल्स्टॅड ह्या अमेरिकन बाईंनीं १९९९ सालीं ह्या मातीच्या पद्धतीवर सबंध पुस्तक लिहिलें आहे, तेव्हां ही गांवठी युक्ति आहे म्हणून कोणी नाक मुरडूं नये.

समुद्रकिनाऱ्याची वाळू मात्र कितीही पांढरीशुभ्र दिसली तरी वर्ज्य. तींत शिंपल्यांचा चुरा असतो. तो हळूहळू विरघळून पाणी जड करितो. मुलें शिरोड्याच्या किनाऱ्यावरून वेंचून आणलेले शंख-शिंपले शोभेसाठीं टांकींत टाकतात, त्यांनींही तेंच होतें. आमच्या जांभ्याच्या प्रदेशांतील पाणी बहुधा हलकें असतें, आणि ह्या झाडांपैकीं पुष्कळांस तेंच मानवतें. घाटावरच्या काळ्या दगडांतील विहिरींचें पाणी पुष्कळदां जड असतें; ज्या पाण्यांत साबणास फेस येत नाहीं व डाळ शिजतां शिजत नाहीं, त्यांत रोटाला लावण्याचा आग्रह धरूं नये, बाकोपा व हायड्रिला लावावीं. नळाच्या पाण्यास औषधाचा वास येत असेल तर तें एक दिवस उघड्या भांड्यांत ठेवून मग वापरावें.

लावण्याची रीत अशी. दुकानांतली जुडी शिशाच्या पट्टीनें किंवा रबरानें बांधलेली असते. ती तशीच मातींत रोंवणें हें झाडें मरण्याचें सर्वांत मोठें कारण होय. बांधलेल्या जागीं खोड चेपून कुजतें आणि मधल्या कांड्यांस उजेड मिळत नाहीं. पट्टी काढावी, प्रत्येक कांडी सुटी करावी, धारदार कात्रीनें पेराच्या किंचित् खालीं कापावी, खालच्या दोन पेरांवरचीं पानें खुडावीं आणि तीं दोन पेरें मातींत जातील अशी चिमट्यानें खोंचावी. दोन कांड्यांत दोन बोटांचें अंतर ठेवावें. नवीन आणलेलीं झाडें आधीं परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यांत दहा मिनिटें बुडवून, स्वच्छ धुवून, आठवडाभर निराळ्या बादलींत ठेवलीं तर नको असलेल्या गोगलगायी घरांत येत नाहींत.

उजेड रोज सात तास पुरे. खिडकींतलें कडक ऊन टांकीवर पडूं देऊं नये. त्यानें झाडांआधीं शेवाळच माजतें. तास वाढविण्यापेक्षां वेळ ठरलेली असणें महत्त्वाचें, आणि हें काम घरांतल्या एका मुलाकडे सोंपवावें. पाणी आठवड्यास चतुर्थांश बदलावें व तें झाडांच्या कुंड्यांस घालावें. वैशाखांत पाणी फार तापतें. तेव्हां झांकण काढून ठेवावें आणि दिवे एक तास कमी करावे. पाण्यांत कर्बवायु हवेपेक्षां सुमारें दहा हजार पटीनें सावकाश पसरतो, म्हणून पाणझाडें त्याच्यासाठीं नेहमीं भुकेलीं असतात. जपानच्या ताकाशि आमानो (१९५४–२०१५) ह्यांच्या टांक्यांच्या चित्रांत किंवा हॉलंडमधल्या टांक्यांत जीं लालभडक झाडें पायरीपायरीनें उभीं दिसतात, त्यांच्यामागें बहुधा हा वायु नळीनें सोडलेला असतो. आपण वर सांगितलेल्या देशी झाडांस तो खटाटोप नको. केरळ-कर्नाटकांतील रोटाला माक्रांड्रा फार सुंदर खरी, परंतु तिच्या मागें लागून पुष्कळांनीं पहिल्याच वर्षीं टांकी माळ्यावर टाकली आहे.

कुजलेलें पान दिसलें कीं त्याच दिवशीं काढावें. लंडनचा रसायनज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन ह्यानें १८५० सालीं एका भांड्यांत सोनेरी मासे व पाणझाड एकत्र ठेवून दोघें एकमेकांस कशीं जगवितात तें दाखविलें. पण त्याचेंही पाणी आधीं सडलेल्या पानांनीं नासलें होतें, आणि तीं खाण्यासाठीं त्यानें तळ्यांतल्या गोगलगायी सोडल्या तेव्हां कोठें समतोल साधला.

महिना-दीड महिन्यांत शेंडे पाण्याच्या वर येतात. मग छाटणी. वरचा चार-पांच इंचांचा शेंडा कापून नव्यानें लावावा. खालचें जुनें खोड ठेवलें तर त्याच्या वरच्या पेरांतून दोन फांद्या फुटतात, म्हणजे एकाचीं तीन होतात. दोन-तीन छाटण्यांनंतर जुनें बुड थकतें. तें उपटून शेंडेच लावावे. अशा रीतीनें एका कांडीची वर्षाअखेर परडीभर होते, आणि येथेंच सुरुवातीस सांगितलेली अडचण उभी राहते. ह्या परडीचें करावयाचें काय?

आपण ज्यास शेवाळ म्हणून हिणवितों तें हायड्रिला १९५० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत श्रीलंकेंतून टांकीच्या व्यापारासाठीं अमेरिकेंतील फ्लोरिडा प्रांतीं गेलें. तेथें टँपा शहराजवळ तें कालव्यांत पडलें. एका पेराच्या तुकड्यांतूनही उगवणारें तें झाड नद्या, सरोवरें व्यापून बसलें, आणि तें काढण्यासाठीं त्या लोकांनीं कोट्यवधि डॉलर खर्च केले. आपली हायग्रोफिला पॉलिस्पर्मा आणि लिम्नोफिलाची एक जाति ह्याही त्याच वाटेनें तेथें पोंचल्या. तिन्ही झाडें आज अमेरिकन सरकारच्या घातक तणांच्या यादींत आहेत. आपल्या घरचीं निरुपद्रवी मुलें परदेशांत जाऊन दांडगाई करितात म्हणावें तसा हा प्रकार! आतां उलट बाजू पाहा. २०२० सालच्या नोव्हेंबरांत केरळांतील कोझिकोड जिल्ह्यांत आवळ पांडी येथें एक सबंध पाट गुलाबी फुलांनीं भरून गेला. चित्रें देशभर फिरलीं, पाहणारांची झुंबड उडाली. तीं फुलें होतीं कॅबोंबाचीं, मध्य व दक्षिण अमेरिकेंतून टांक्यांसाठीं आलेल्या झाडाचीं. पाण्याचा प्रवाह अडविणारें आणि तेथल्या मूळच्या झाडांचा उजेड तोडणारें तें तण आहे, असें जाणकार सांगत होते. आणि पाहुणे आठवण म्हणून त्याच्या कांड्या घरीं नेत होते! लिम्नोफिला व कॅबोंबा ह्यांतला देठाचा भेद आम्हीं एवढा घोळून कां सांगितला, तें आतां कळून येईल.

तेरेखोल नदी सह्याद्रींतून उतरून बांद्यावरून खालीं गोव्याच्या सीमेनें समुद्रास मिळते. तिच्या उगमाकडच्या डोंगरांत, आंबोलीस, हिरण्यकेशीच्या उगमाजवळ (हिरण्यकेशी सूत्राच्या घरांस हें नांव ओळखीचेंच आहे) २०२० सालीं एका लहानशा माशाची नवी जाति शास्त्रज्ञांनीं नोंदली, आणि २०२१ सालीं महाराष्ट्र सरकारनें ती जागा जैविक वारसा म्हणून घोषित केली. रोटालाच्याही कित्येक जाति सह्याद्रीखेरीज जगांत अन्यत्र नाहींत. त्या कातळावरच्या पावसाळी डबक्यांत व घाटांतल्या ओहोळांत राहतात. अशा ठिकाणचें झाड टांकीसाठीं उपटून आणूं नये. देवराईंतल्या तळ्याचें तर मुळींच नाहीं. आपल्याच मळ्याच्या पाटांत, भात कापल्यानंतर कार्तिकांत, रोटाला इंडिका, लिम्नोफिला आणि जलब्राह्मी मिळण्यासारखीं आहेत. त्यांच्या दोन-दोन कांड्या आणल्या तर पेरें आपलें काम करितात. आणि अशा झाडाचा तुकडा चुकून व्हाळांत गेलाच तर तो परका नव्हे. बाहेरचीं झाडें टांकींत ठेवूं नयेत असें आम्ही म्हणत नाहीं. तीं ठेवणाराकडे मोरीची जाळी आणि थोडी शिस्त असली म्हणजे झालें.

छाटलेल्या कांड्या मोरींत, गटारांत, विहिरींत किंवा नदींत टाकूं नयेत. टांकी धुतलेलें पाणीही आधीं जुन्या धोतराच्या फडक्यांतून गाळून मगच ओतावें, म्हणजे तुटलेलीं पेरें फडक्यांत राहतात. तीं व कांड्या सुपांत पसरून पत्र्यावर कडकडीत उन्हांत चार दिवस वाळवाव्या. बोटांत चुरा होईपर्यंत वाळल्या पाहिजेत, नुसत्या सुकून लोळल्या तर पुरें नाहीं. पावसाळ्यांत ऊन नसतें, तेव्हां चुलीजवळ किंवा बंबावर ठेवाव्या. चुरा झाला कीं माडाच्या आळ्यांत किंवा अळवाच्या वाफ्यांत पुरावा. शेजारीं कोणास कांड्या द्यावयाच्या असल्या तर झाडाचें नांव कागदावर लिहून बरोबर द्यावें, आणि तें फडकेंही दाखवून ठेवावें.